तोंडात जाणारे आणि तोंडात राहणारे

मननाचा भाग : मार्क ७ : १४–२३ व ३१–३७



तंबाखूविषयी मंडळीत कोणी बोधाचे दोन शब्द बोलू लागला, म्हणजे ऐकणारांकडून एक उत्तर बहुधा ठरलेले येते. उत्तर देणारा मनुष्य अज्ञानी असतो असे नाही. पुष्कळदा तो नित्य शास्त्र वाचणारा, प्रार्थनासभेस न चुकता येणारा, मंडळीच्या कामात पुढे होणारा असतो. तो म्हणतो, "पाळकसाहेब, बाहेरून तोंडात गेलेल्या पदार्थाने माणसाला विटाळ होत नाही, असे खुद्द प्रभूचेच शिक्षण आहे ना? मग माझ्या चिमूटभर तंबाखूने काय बिघडले?" असे बोलून तो चंची कमरेला खोवतो, आणि बोलणारा गप्प बसतो.

हे उत्तर थट्टेवारी नेऊ नये. ज्या अध्यायाचा तो आधार घेतो तो आपल्या मंडळ्यांस इतर पुष्कळ अध्यायांहून प्रिय आहे, आणि का प्रिय आहे हे या देशात कोणास सांगावयास नको. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, ज्यांची सावलीही चुकवून लोक जात, ज्यांस देवळाच्या पायरीशीच थांबावे लागे, त्या आपल्या वाडवडिलांच्या कानी हे शिक्षण पडले तेव्हा त्यांच्या पायांतील बेडी तुटली. विटाळ हाताला नाही, भांड्याला नाही, जन्माला नाही. तो अंतःकरणात आहे, आणि तो ब्राह्मणाच्या अंतःकरणात आहे तसाच महाराच्याही आहे, असे सांगणारा गुरू त्यांस प्रथमच भेटला. म्हणून हा अध्याय आपण जपावा, आणि जपावा म्हणूनच तो तंबाखूच्या पुडीवर झाकण म्हणून घालू नये. एवढ्या मोलाची वस्तू इतक्या हलक्या कामास लावणे मला बरे वाटत नाही.

आता प्रसंग पाहू. परुशी व शास्त्री यरुशलेमेहून आले होते. शिष्य हात न धुता भाकर खातात हे पाहून त्यांनी दोष ठेवला. वाद हात धुण्याच्या परंपरेचा होता, खाद्य पदार्थाने देवापुढे मनुष्य अपवित्र ठरतो की काय याचा होता. शरीरास अपाय कशाने होतो हा प्रश्न तेथे कोणी विचारलाच नव्हता. विष खाऊनही मनुष्य धर्मदृष्ट्या विटाळत नाही. पण त्यामुळे विष खाण्यास मोकळीक मिळाली असे कोणी समजत नाही.

पण मला याहून अधिक लक्षात घेण्याजोगे वाटते ते प्रभूने दिलेले कारण. तो केवळ नियम सांगून थांबत नाही. अन्नाची वाट सांगतो. अन्न हृदयात शिरत नाही, पोटात जाते, आणि मग शरीराबाहेर पडते, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे हे शिक्षण जाणाऱ्या वस्तूविषयी आहे; जी आली, उपयोगी पडली आणि निघून गेली तिच्याविषयी आहे. आता आमचा तंबाखू खाणारा बंधू आपल्या तंबाखूची वाट सांगो पाहू! तो तळहातावर पान घेतो, नखाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, टाळी देऊन भुकटी उडवितो, आणि उरलेली चिमूट खालच्या ओठाच्या आत किंवा गालफडात दाढेशी धरून ठेवतो. तो ती गिळीत नाही. गिळली तर त्यास मळमळते. अर्धा अर्धा तास ती तेथेच असते, काहींच्या गालात तर ती रात्री निजतानाही असते. पोटात तिला जावयाचेच नाही. तंबाखू तोंडात जात नाही, बंधूंनो. तो तोंडात राहतो.

राहून तो काय करितो? तंबाखूच्या पानात निकोटीन नावाचे द्रव्य आहे, आणि खाणारा त्याच्याच पाठीस लागलेला असतो, मग त्यास त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. चुन्याने तंबाखूस धार येते असे खाणारे म्हणतात ते खरे आहे. चुना क्षारयुक्त असल्यामुळे निकोटीन मोकळे होते आणि गालाच्या आतील नाजूक कातडीतून थेट रक्तात उतरते. तेथून ते मेंदूस पोहोचते. त्याच चुन्याने ती कातडी भाजतेही. आणखी असे की, पाने सुकविताना, आंबविताना व साठविताना तंबाखूमध्ये नायट्रोसामीन नावाची द्रव्ये तयार होतात, आणि ही द्रव्ये कर्करोग उत्पन्न करणारी आहेत. ती वर्षानुवर्षे, दिवसातून आठ-दहा वेळा, त्याच एका जागी, त्याच नखाएवढ्या कातडीवर ठेविली जातात. कोणता शेतकरी आपल्या शेताच्या एकाच वाफ्यात रोज मीठ टाकील आणि तेथे पीक येईल अशी आशा धरील?

काही जण असेही म्हणतात की, पवित्र शास्त्रात तंबाखूचे नाव कोठेही नाही. नाहीच. ही वनस्पती अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणिली, आणि १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग याने विजापुराहून ती बादशहाच्या दरबारी नेली. प्रभूच्या काळी गालीलात ती असती तर तिच्याविषयी काही लिहिले गेले असते की नाही याची चर्चा करण्यात अर्थ नाही. तिची हानी समजण्यास वचनाची वाट पाहण्याची गरज नाही, आरशात पाहावे.

पहिली खूण बहुधा पांढऱ्या चट्ट्याची असते. चिमूट जेथे धरली जाते तेथेच तो उठतो. कातडी जाड, सुरकुतलेली, कधी खरखरीत होते. तो पुसून जात नाही आणि तो दुखत नाही. न दुखणे हाच त्यातला घात आहे. काट्याने पाय दुखतो म्हणून आपण काटा काढतो. चट्टा दुखत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पांढऱ्यापेक्षा लाल, मखमलीसारखा दिसणारा चट्टा अधिक वाईट. पुढे कोणाच्या तोंडात व्रण होतो; तो भरत नाही, त्याच्या कडा कठीण होतात, दात विनाकारण हलू लागतात, मानेत गाठ येते. तोवर पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो. सर्वच चट्ट्यांचा कर्करोग होतो असे नाही, आणि मी भय दाखविण्यासाठी तसे सांगणार नाही; पण कोणत्या चट्ट्याचा होईल हे चट्ट्याकडे नुसते पाहून कोणासही सांगता येत नाही.

ही गोष्ट दूरदेशी कोणी पुस्तकात लिहिली आणि आम्ही ती उतरून घेतली, असेही नाही. डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत जाऊन १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडे तपासली आणि त्याचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध केला. एवढ्या माणसांस तोंड उघडावयास लावणे म्हणजे काय परिश्रम असतील ते पाहा! मुखाचा कर्करोग व त्याच्या आधीचे विकार हे तंबाखूच्या सवयीशी कसे बांधलेले आहेत हे त्या व तशाच अन्य तपासण्यांतून उघड झाले. आज आपल्या देशातील पुरुषांस होणाऱ्या कर्करोगांत ओठ व मुख यांचा कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. आणि पुरुष व स्त्रिया मिळून दरवर्षी लाखाहून अधिक माणसांस तो नव्याने जडतो. २०१६–१७ साली झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढ पुरुषांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि स्त्रियांपैकी दर सहांत एक, धूर न काढता तंबाखूचे सेवन करणारी आढळली. विड्या व सिगारेटी ओढणारे त्या मानाने आपल्याकडे थोडे आहेत. त्यांची फुप्फुसे व हृदय यांविषयी अन्य वेळी लिहिता येईल.

दर सहांत एक स्त्री! येथे मला थांबून माताभगिनींशी बोलावयाचे आहे, कारण तंबाखूवरील उपदेश झाला की त्या नवऱ्याकडे पाहतात, आणि तो आपल्याविषयी नव्हे असे समजतात. त्यांतील कितीएकींच्या घरी चुलीशेजारी मशेरीची डबी असते. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून, चुरून, ती मशेरी बोटाने दातांस व हिरड्यांस लावावयाची: सकाळी उठल्यावर, दुपारी काम आटोपल्यावर, रात्री भांडी झाल्यावर. कोणी विचारले तर 'दात घासते' असे सांगावयाचे. हे व्यसन आहे असे त्या बिचाऱ्यांस वाटतच नाही, आणि लोकही तसे म्हणत नाहीत. पुरुषाची पिंक भिंतीवर दिसते, स्त्रीची मशेरी मोरीत वाहून जाते. पुष्कळजणींची सुरुवात दाढदुखीने झालेली असते. शेजारीण म्हणते, थोडी मशेरी लाव, ठणका थांबेल. ठणका काही वेळ बधिर होतो हे खरे. पण कीड तेथेच असते, हिरडी खाली सरकत जाते, दाताचे मूळ उघडे पडते, आणि दाढ शेवटी जाते ती जातेच. मशेरी मात्र राहते.

दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. म्हणजे जे विकणे कारखानदारास गुन्हा ठरले, ते आमच्या घरी तव्यावर होतच आहे. कायदा तव्यापर्यंत पोहोचत नाही. आणि जिच्या पोटात बाळ आहे तिने तर हे अधिक ध्यानात घ्यावे. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ साली जो वृत्तांत प्रसिद्ध झाला त्यात असे दिसले की, मशेरी इत्यादी प्रकारांनी तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरीने सुमारे १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली, आणि दिवस पुरे होण्यापूर्वी प्रसूत होण्याचा धोकाही त्यांस अधिक होता. आधीच आपल्या खेड्यांतील बाळे किती अशक्त असतात! बाळाच्या अंगचे शंभर ग्रॅम काढून घेऊन कोणती आई ते चुलीत टाकील?

पौलाने तीमथ्याला लिहिताना त्याच्या आजीची आणि आईची आठवण केली आहे. लोईस आजीचा विश्वास युनीकेपाशी आला, आणि तिच्यापासून मुलापाशी. घरातील वारसा असाच उतरत असतो, शब्दांवाचून, उठण्याबसण्यातून. आजीची मशेरीची डबीही अशीच सुनेच्या हाती येते, आणि सहा वर्षांची नात खेळता खेळता बोट बुडवून पाहते. ज्या घरी ती नात रविवारच्या शाळेतील वचन पाठ म्हणते त्याच घरी हेही होते. माझ्या मते या एका गोष्टीचा विचार स्त्रियांच्या सभेने आधी करावा. बाकीचा कार्यक्रम मागे पडला तरी चालेल.

आता मुलांकडे वळू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे आणि अठरा वर्षांखालील मुलास तो देणे २००३ च्या कायद्याने मना आहे. तरी पुडी कोठे मिळते हे गावातील प्रत्येक पोरास ठाऊक असते, आणि ती आणावयास पुष्कळदा बापच त्यास धाडतो. शिवाय सुगंधी सुपारी म्हणून जे मिळते ते निरुपद्रवी आहे अशी समजूत आहे. तसे नाही. तंबाखू नसला तरी सुपारी स्वतः कर्करोग उत्पन्न करणारी आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने दिलेला आहे. आणि सुपारीचा आणखी एक रोग आहे, ज्याकडे मी या लेखात सर्वांत अधिक लक्ष वेधू इच्छितो.

त्याची सुरुवात तिखटाने होते. आजवर जी चटणी आवडीने खाल्ली ती जिभेला, गालाला झोंबू लागते. मग गाल आतून पांढरट, ताठ होतात. बोट लावले तर आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. तोंड उघडण्याचे प्रमाण हळूहळू घटते. चांगल्या प्रकृतीच्या माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे एकावर एक उभी मावतात. या रोग्याच्या तोंडात दोन मावतात, मग एक, आणि शेवटी बोटही कष्टाने जाते. भाकरीचा घास मोडून, आमटीत भिजवून, चिमटीने आत सारावा लागतो. जांभई देता येत नाही. जीभ बाहेर काढता येत नाही, बोलणे अस्पष्ट होते. पंचवीस वर्षांचे तरुणही असे झालेले आढळतात. एकदा आलेला हा ताठरपणा बहुधा पूर्ववत होत नाही, आणि या रोगातून पुढे कर्करोग होण्याचे भय असतेच.

प्रियांनो, प्रभुभोजनाच्या वेळी पाळक भाकर मोडून रांगेने देत येतो तेव्हा अशा तरुणाची काय अवस्था होत असेल? तुकडा लहानच असतो. तरी त्यास तो आणखी मोडावा लागतो, तोंडावर हात आडवा धरून आत सरकवावा लागतो, आणि बाजूचा पाहत तर नाही ना म्हणून नजर चुकवावी लागते. ज्या तोंडाने त्याने बाप्तिस्म्याच्या वेळी आपला विश्वास कबूल केला, ज्या तोंडाने तो भजनात टिळकांचे अभंग इतरांहून वरच्या पट्टीत गात असे, ते तोंड त्याला आता भाकरीच्या तुकड्यापुरतेही उघडता येत नाही. परमेश्वराने माणसाला हात दिले, पाय दिले, ते जनावरांसही दिले आहेत. पण बोलून त्याची स्तुती करावी असे मुख एका माणसालाच दिले. ते एका दोन रुपयांच्या पुडीने बंद व्हावे!

येथे कोणी म्हणेल, 'सोडावयास सांगणे सोपे आहे.' ते सोपे नाही, आणि ज्यांनी कधी तंबाखू खाल्ला नाही त्यांनी तरी या बाबतीत तोंड आवरून बोलावे. निकोटीन मनुष्यास बांधते. करिंथ येथील मंडळीत काही जण मोकळिकीचा डंका वाजवीत होते. त्यांस पौलाने असे उत्तर दिले की, सर्व गोष्टींची मला मोकळीक असेल, तरी कोणत्याही गोष्टीचा मी ताबेदार होणार नाही. तंबाखूची परीक्षा या कसोटीवर करावी. उपासना चालू असताना ज्याचे लक्ष खिशाकडे जाते, उपदेश लांबला म्हणजे जो पाणी पिण्याचे निमित्त करून बाहेर पडतो, पाळक घरी आला म्हणजे जो गालातले घाईने थुंकून तोंड पुसून पुढे येतो, तो मोकळा आहे काय? आणि पाहा, येथे अध्यायाचा पहिला भागही त्याच्यावर उलटतो. प्रभूने अंतःकरणातून निघणाऱ्या ज्या गोष्टी विटाळविणाऱ्या म्हणून सांगितल्या त्यांत कपट आहे. पुडी विटाळवीत नसेल, लपविणे विटाळविते.

सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस फार कठीण जातात. चिडचिड होते, डोके दुखते, झोप येत नाही, शौचास साफ होत नाही, कामात चित्त लागत नाही. इस्राएल लोक मिसरातून निघाल्यावर रानात त्यांस तेथील काकड्या, कांदे, लसूण आठवले. गुलामगिरीतील चाबूक आठवले नाहीत. तसेच हे होते. अशा वेळी घरच्यांनी समजून घ्यावे, टोचून बोलू नये. दोन ते चार आठवड्यांत ही ओढ पुष्कळ ओसरते. मात्र जेवणानंतर, मित्रांच्या बैठकीत, शेताच्या बांधावर ती पुन्हा डोके वर काढते. म्हणून चंची, चुनाळे, डबी ही घरातून काढून टाकावीत, बडीशेप किंवा भाजलेले चणे जवळ ठेवावेत, पाणी प्यावे, आणि ठरविलेला दिवस एका तरी विश्वासू माणसास सांगून ठेवावा. सरकारने यासाठी दूरध्वनीचीही सोय केली आहे : १८००–११–२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. काहींस डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधाची मदत घ्यावी लागते. ती घेण्यात विश्वासाची उणीव आहे असे मी मानीत नाही. एकदा सुटून पुन्हा धरला गेला तर पुन्हा सोडावा. पुष्कळांस दोन-तीन खेपा कराव्या लागतात.

काही मंडळ्यांत असा विचार निघतो की तंबाखू खाणारास प्रभूच्या मेजापासून दूर ठेवावे. हा प्रश्न वारंवार निघतो, म्हणून माझे मत स्पष्टच लिहितो. मला ते मान्य नाही. मेज आजाऱ्यांसाठी मांडलेले आहे. आणि शिक्षेच्या भीतीने लोक तंबाखू सोडीत नाहीत, तो लपवितात, आणि लपविणारा आपले तोंड कोणास दाखवीत नाही. चट्टा वाढतो तो असल्याच अंधारात. मात्र जो वडील आहे, जो शिक्षक आहे, जो रविवारच्या शाळेत मुलांसमोर उभा राहतो, त्याने आधी स्वतःची चंची टाकावी आणि मग पद घ्यावे, ही अपेक्षा मंडळीने ठेवल्यास ती कठोर आहे असे मला वाटत नाही.

आता त्याच सातव्या अध्यायाच्या शेवटाकडे चला. तंबाखूचा कैवार घेणारा बंधू अध्यायाच्या मध्यावरच पुस्तक मिटतो, हे त्याचे दुर्दैव. पुढे दकापलीसच्या प्रांतात लोक एका बहिऱ्या मनुष्यास प्रभूकडे आणितात. त्यास बोलताही धड येत नाही. प्रभु त्याला समुदायापासून एकीकडे नेतो. त्याच्या कानांत बोटे घालतो, त्याच्या जिभेला स्पर्श करितो. स्वर्गाकडे पाहून उसासा टाकतो. आणि मग 'इप्फाथा' हा एकच शब्द बोलतो. जिभेचा बंध सुटतो.

या गोष्टीतील प्रभूची रीत पाहा. तो त्या माणसाला चारचौघांत उभा करून बोध करीत नाही, एकीकडे नेतो. तंबाखू खाणाऱ्या भावाशी बोलावयाचे तर असेच एकीकडे नेऊन बोलावे, व्यासपीठावरून नाव न घेता टोमणे मारून नव्हे. तो त्या तोंडाची किळस करीत नाही. त्यात हात घालतो. आणि तो उसासा टाकतो. रागावत नाही, शिव्याशाप देत नाही. बंद झालेले तोंड पाहून देवाच्या पुत्राच्या छातीतून जो उसासा निघाला, तो आमच्यापैकी कितीजणांच्या छातीतून निघतो?

आणि स्पर्श करणे, पाहणे, हे आम्हांसही साधण्याजोगे आहे. केरळात त्रिवेंद्रम येथे पुष्कळ वर्षे चाललेल्या एका अभ्यासात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी, चांगल्या उजेडात तपासली. ते डॉक्टर नव्हते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात असे दिसले की, तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्या लोकांत मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या तपासणीमुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले. तसेच एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या भागांतील ३६,००० तंबाखू सेवन करणारांस समजावून त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. ज्यांनी तो सोडला त्यांच्यात पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण कमी झाले. सोडल्यावर आधीचा चट्टा लहान होणे किंवा नाहीसा होणे हेही पुष्कळदा दिसते. उशीर झाला असे चट्टा असलेल्या कोणीही समजू नये.

तर मंडळीतील वडिलांनी असे करावे. एखाद्या रविवारी उपासना आटोपल्यावर, ऊन चांगले असताना, मंदिराच्या दाराशी किंवा झाडाखाली एक आरसा ठेवावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेस किंवा आशाताईस आधी सांगून बोलवावे. तीस वर्षांवरील माणसांच्या तोंडाची तपासणी हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पाळकाने व वडिलांनी प्रथम आपली तोंडे दाखवावीत, म्हणजे इतरांची लाज मोडेल. स्त्रियांची तपासणी स्त्रियांनीच, आडोशाला करावी. ओठ आतून उलटून पाहावेत, दोन्ही गाल, हिरड्या, जीभ वर करून तिच्या खालची जागा व दोन्ही कडा पाहाव्यात. पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तिखट सोसेनासे होणे, तीन बोटे न मावणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्या माणसास एकट्यास धाडू नये. मंडळीतील एकाने त्याच्याबरोबर तालुक्याच्या रुग्णालयात जावे, आणि पुढे बार्शीस किंवा मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागले तर भाड्याची तजवीज मंडळीच्या गरिबांच्या फंडातून करावी. मजुरी बुडते म्हणून पुष्कळजण जात नाहीत. तेवढीही भरून द्यावी.

बोट तोंडात घालण्यापूर्वी सर्वांनी हात मात्र साबणाने धुवावेत. परुशांची आज्ञा म्हणून नव्हे, परिचारिकेची म्हणून.